तोडलेल्या पेरूतील जागती पेशी
(प्राथमिक शिक्षकांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राहात्याच्या पेरूची ओळख या भागात कोणाला करून द्यावी लागत नाही. गोदावरीच्या उजव्या कालव्याचे पाणी या शिवारात खेळू लागल्यानंतर येथील काळ्या जमिनीत ज्या बागा उभ्या राहिल्या, त्यांत पेरूचे स्थान मानाचे आहे. शाळेत येणाऱ्या कित्येक मुलांच्या घरी पहाटे पेरूची तोडणी होते आणि करंड्या किंवा खोकी भरून माल बाजाराच्या वाटेला लागतो. अशा मुलांना वर्गात एक साधा प्रश्न विचारून पाहावा : झाडावरून तोडलेला पेरू जिवंत असतो की मेलेला? बहुतेक मुले निःशंकपणे सांगतील, “मेलेला.” मुळाशी संबंध तुटला, पाणी तुटले, म्हणजे जीव गेला, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. तो हिशेब चुकीचा आहे. तोडलेला पेरू जिवंत असतो. तो श्वास घेतो, उष्णता बाहेर टाकतो, आपल्या भिंती स्वतःच मऊ करतो, रंग बदलतो, गंध निर्माण करतो. ही सर्व कामे त्याच्यातील कोट्यवधी पेशी करीत असतात, आणि फळ सडून जाईपर्यंत त्यांतील बहुसंख्य पेशींना विसावा म्हणून ठाऊक नसतो.

पेशीचा पाठ उच्च प्राथमिक वर्गांत शिकविला जातो. फळ्यावर एक चौकोन किंवा वर्तुळ काढले जाते, मध्ये एक गोळा, आजूबाजूला काही ठिपके व दोन-चार बाण. मुले आकृती उतरवून घेतात, नावे पाठ करतात आणि परीक्षेत गुण मिळवितात. यात वावगे काही नाही. आकृतीवाचून विज्ञान शिकता येत नाही. परंतु आकृती स्थिर असते आणि पेशी स्थिर नसते. मुलाच्या मनावर आकृतीच तेवढी ठसली, तर पेशी म्हणजे भिंतीतील वीट अशी त्याची समजूत होऊन बसते. वीट एकदा रचली की तिला काही करावयाचे उरत नाही. पेशी मात्र काम थांबविते त्या क्षणी मरते. हा फरक मुलांपर्यंत पोहोचविणे हेच या पाठाचे खरे मर्म होय.

या गैरसमजाला इतिहासाचाही थोडा हातभार लागलेला आहे. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज संशोधकाने ‘मायक्रोग्राफिया’ हा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवला असता त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखे लहान लहान रिकामे कप्पे दिसले. त्या कप्प्यांना त्याने जे नाव दिले त्याचा अर्थ ‘खोली’ असा होतो. हूकने पाहिले ते बूच म्हणजे झाडाच्या सालीचा मृत थर होता. त्यातील जीव केव्हाच निघून गेला होता व केवळ भिंती शिल्लक होत्या. घरातील माणसे निघून गेल्यावर उरलेला वाडा पाहून त्यालाच संसार म्हणावे, तसा तो प्रकार झाला. जीवसृष्टीच्या मूलघटकाचे बारसे अशा रीतीने एका मृत अवशेषावरून झाले.

पेशी रिकामी नाही हे कळावयास काळ लागला. १७७४ साली इटलीतील बोनाव्हेन्तुरा कॉर्ती याने पाणवनस्पतींच्या जिवंत पेशीत आतील द्रव संथपणे फिरत असल्याचे पाहून नोंदविले. १८३१ साली रॉबर्ट ब्राऊन याने वनस्पतींच्या पेशींत आढळणाऱ्या गोलसर भागास केंद्रक हे नाव दिले. १८३८ व १८३९ या दोन वर्षांत श्लायडेन व श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी वनस्पती व प्राणी दोन्ही पेशींचेच बनलेले असतात असा सिद्धांत मांडला. पुढे १८५५ साली फिरखो याने प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच जन्मते हे आग्रहाने प्रतिपादिले. या शेवटच्या विधानाचा अर्थ मोठा गंभीर आहे. वर्गात बसलेल्या मुलाच्या बोटातील पेशी ही तिच्या आधीच्या पेशीची, ती तिच्याही आधीच्या पेशीची, अशी साखळी मागे मागे नेली तर ती कोठेही तुटलेली आढळावयाची नाही. जीवनाचा दिवा एका पणतीवरून दुसरीवर असा अखंड लावला जात आलेला आहे.

पेशीच्या आत चालते तरी काय? लोणी-प्रवरानगर येथील साखर कारखाना या तालुक्यातील मुलांना परिचित आहे. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला हा कारखाना सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ म्हणून देशभर ओळखला जातो. कारखान्याला फाटक असते, कचेरी असते, यंत्रे असतात, इंधन लागते, मालाची ने-आण होते, टाकाऊ पदार्थांची विल्हेवाट लावावी लागते. पेशीतही हे सर्व आहे, म्हणून मुलांना समजाविताना हा दृष्टांत उपयोगी पडेल. मात्र त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. कारखान्याचा गळीत हंगाम संपतो, बॉयलर थंड होतो, यंत्रे उघडून दुरुस्त केली जातात. पेशीचा हंगाम जन्मापासून मरणापर्यंत चालूच असतो. तिला आपली यंत्रे चालू ठेवूनच बदलावी लागतात. शिवाय कोणताही कारखाना आपल्यासारखाच दुसरा कारखाना स्वतःतून निर्माण करीत नाही. पेशी ते करते.

पेशीचे फाटक म्हणजे प्रद्रव्यपटल. हे पटल इतके पातळ असते की त्याचे एक लक्ष थर एकावर एक रचले तरी जाडी मिलिमीटरच्या आसपासच भरेल. तथापि ते नुसते कुंपण नव्हे. त्यात बसविलेली प्रथिने कोणाला आत घ्यावयाचे व कोणाला बाहेर काढावयाचे याची निवड करतात. प्राण्यांच्या पेशींत सोडियम सतत बाहेर व पोटॅशियम सतत आत नेणारे जे पंप असतात, त्यांवर शरीराच्या ऊर्जेचा मोठा वाटा खर्ची पडतो. हे पंप बंद पडले तर पेशी पाण्याने फुगून नष्ट होईल. म्हणजे मूल गाढ झोपलेले असतानाही त्याच्या पेशींचे पाणी उपसण्याचे काम थांबलेले नसते.

कचेरी म्हणजे केंद्रक. आनुवंशिक माहितीचे दप्तर तेथे सांभाळलेले असते. माणसाच्या एका पेशीतील डीएनएचा धागा सरळ केला तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरते, आणि तो एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान केंद्रकात गुंडाळून ठेवलेला असतो. मूळ दप्तर कचेरीबाहेर जात नाही. ज्या भागाची गरज असेल त्याची नक्कल करून ती बाहेर पाठविली जाते आणि रायबोसोम नावाची सूक्ष्म यंत्रे ती नक्कल वाचून प्रथिने गुंफतात. जीवाणूच्या पेशीतील एकच रायबोसोम एका सेकंदात पंधरा-वीस अमिनो आम्ले अचूक क्रमाने जोडू शकतो. तयार झालेला माल पोहोचविण्यासाठी पेशीत तंतूंचे रस्ते असतात. त्यांवरून कायनेसिन नावाचे प्रथिन दोन पायांवर चालल्यासारखे एकेक पाऊल टाकीत ओझे वाहून नेते. त्याचे पाऊल आठ नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या सव्वा लाखाव्या भागाएवढे असते.

या सर्व खटाटोपाला ऊर्जा लागते, आणि येथे पेशीच्या कथेतील सर्वांत महत्त्वाचा भाग सुरू होतो. तंतुकणिका या पेशीच्या भट्ट्या होत. अन्नातून आलेल्या शर्करेचे विघटन होत होत शेवटी त्यातील इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतील पटलावर बसलेल्या प्रथिनांच्या साखळीत शिरतात. पाण्याची बादली जशी हातोहात पुढे द्यावी तसे ते एकाकडून दुसऱ्याकडे दिले जातात. साखळीच्या अखेरीस प्राणवायू उभा असतो. तो हे इलेक्ट्रॉन स्वीकारतो व त्याचे पाणी बनते. या प्रवासात मुक्त होणाऱ्या ऊर्जेने पटलाच्या एका बाजूस हायड्रोजनचे भारित कण साठविले जातात. धरणात अडविलेले पाणी जसे झोताने खाली येताना जनित्र फिरविते, तसे हे कण परत येताना एक सूक्ष्म चक्र खरोखरच फिरवितात. हे चक्र सेकंदाला शंभराहून अधिक वेळा फिरू शकते, आणि त्याच्या एका फेऱ्यात एटीपी या पदार्थाचे तीन रेणू तयार होतात. एटीपी हे पेशीचे चलनी नाणे होय. पंप चालविणे, प्रथिने गुंफणे, स्नायू आकुंचित करणे, यांतील बहुतेक सर्व देणी याच नाण्याने भागविली जातात. शरीरात या नाण्याची शिल्लक कोणत्याही क्षणी फार थोडी असते. पण तेच नाणे पुन्हा पुन्हा भरून वापरले जात असल्याने दिवसभराची एकंदर उलाढाल साधारणपणे माणसाच्या स्वतःच्या वजनाइतकी भरते.

श्वसनाचा धडा शिकविताना “प्राणवायू रक्त शुद्ध करतो” एवढ्यावर काम भागविण्याची प्रथा आहे. त्याने मुलाची जिज्ञासा शमत नाही. माणूस श्वास कशासाठी घेतो, या प्रश्नाचे खरे उत्तर फुप्फुसात नाही. ते तंतुकणिकेत आहे. साखळीच्या शेवटी इलेक्ट्रॉन स्वीकारणारा प्राणवायू नसेल तर सारी साखळी तुंबते आणि चक्र थांबते. सायनाइडसारखे विष या साखळीची अखेरची कडीच पकडून ठेवते. रक्तात प्राणवायू भरपूर असूनही मग पेशी गुदमरते. दोन-चार मिनिटांचा श्वास इतका मोलाचा का, हे या एका गोष्टीवरून मुलांना उमगेल.

या साखळीच्या शोधाशी एका मराठी विदुषीचे नाव जोडलेले आहे आणि ते प्रत्येक शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे. केंब्रिज येथील डेव्हिड केलिन याने १९२५ साली कीटकांच्या उड्डाणाच्या स्नायूंत व यीस्टमध्ये काही रंगद्रव्ये पाहिली आणि त्यांस सायटोक्रोम, म्हणजे पेशीतील रंग, असे नाव दिले. जिवंत पेशींतून आलेला प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला असता काळ्या पट्ट्या दिसत, आणि पेशीला प्राणवायू मिळतो की नाही यावर त्या पट्ट्या उमटत वा पुसट होत. पेशीचा श्वासच जणू डोळ्यांना दिसू लागला. परंतु प्राण्यांत व यीस्टमध्ये आढळणारी ही व्यवस्था उच्च वनस्पतींतही तशीच आहे काय, याचा नीट उलगडा व्हावयाचा होता.

कमला भागवत, विवाहानंतरच्या कमला सोहोनी, यांनी या प्रश्नात हात घातला. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उच्च श्रेणीत मिळविल्यानंतर त्यांनी बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला, तेव्हा संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तो नाकारला. कमलाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी समक्ष जाऊन आपला हक्क मांडला आणि एक वर्षाच्या परीक्षणाची अट पत्करून प्रवेश मिळविला. तेथे त्यांनी दूध, कडधान्ये व डाळी यांतील प्रथिनांवर काम केले आणि १९३६ साली एम्. एस्सी. ही पदवी घेतली. त्यांचे काम पाहून संस्थेची दारे पुढे इतर मुलींसाठीही उघडली गेली. नंतर त्या केंब्रिजला गेल्या. तेथे रॉबिन हिल यांच्यासमवेत वनस्पतींच्या ऊतींवर प्रयोग करीत असता, बटाट्यासारख्या अगदी साध्या पदार्थात त्यांना सायटोक्रोम ‘सी’ हे प्रथिन आढळले. आणि वनस्पतींच्या पेशींचे श्वसनही याच साखळीने चालते असे त्यांनी दाखविले. त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पृष्ठांच्या आसपास होता. १९३९ साली त्यांना पीएच्. डी. मिळाली. विज्ञानशाखेत ही पदवी संपादन करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. मायदेशी परतल्यावर दिल्ली, कुन्नूर व शेवटी मुंबईची विज्ञान संस्था येथे त्यांनी अध्यापन व संशोधन केले. नीरा व ताडगूळ यांच्या पोषणमूल्यावरील त्यांच्या कामाचा गौरव राष्ट्रपतींच्या पारितोषिकाने झाला. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

बटाट्यातील या शोधाचे महत्त्व कोणते? सायटोक्रोम ‘सी’ हे लहानसे प्रथिन आहे. माणसात ते १०४ अमिनो आम्लांचे बनलेले असते व त्याच्या मध्याशी लोहाचा एक अणू असतो. माणसातील व चिंपांझीतील सायटोक्रोम ‘सी’ अगदी एकसारखे आहे. गव्हातील सायटोक्रोम माणसातील सायटोक्रोमशी ताडून पाहिले तर निम्म्याहून अधिक ठिकाणी घटक तेच आढळतात, आणि यीस्टच्या बाबतीतही तसेच आहे. शेतकरी, त्याच्या शेतातील गहू, त्याच्या गोठ्यातील बैल आणि कारखान्यात मळी आंबविणारे यीस्ट, या सर्वांच्या पेशींत एकाच पिढीजात ठेव्यातून आलेले हे एकच अवजार चालत आहे. सर्व जीव एका कुळातील आहेत हे वाक्य उपदेशासारखे वाटते. येथे ते मोजून दाखविता येते.

आता राहात्याच्या पेरूकडे वळावे. महाराष्ट्रातील बागांतून सर्वत्र दिसणारा सरदार, म्हणजेच लखनौ-४९ हा वाण, पुण्याच्या गणेशखिंड फळबाग संशोधन केंद्रात १९२७ साली डॉ. चीमा यांनी निवड पद्धतीने तयार केला. असा एक पेरू तोडला की त्याला मुळांकडून पाणी व पानांकडून शर्करा मिळणे बंद होते. त्याच्या पेशींतील तंतुकणिकांना मात्र याची वार्ता नसते. त्या चालूच राहतात. फळ आपल्या साठ्यावर जगू लागते. पिकण्याच्या वेळी त्याच्या श्वसनाचा वेग एकाएकी वाढतो, आणि त्याच सुमारास पेशी इथिलिन नावाचा वायू तयार करू लागतात. हा वायू त्यांचा आपसांतील निरोप असतो. तो मिळताच पेशी नवी विकरे निर्माण करतात. सालीतील हरितद्रव्य मोडले जाते व हिरवा रंग पिवळा होतो. पेशीभित्तिकांना जोडून ठेवणारे पेक्टिन विरघळू लागते व गर मऊ होतो. सुगंधी द्रव्ये तयार होतात. पिकणे म्हणजे बिघडणे नव्हे. ते पेशींनी ठरलेल्या क्रमाने केलेले काम आहे. झाडाच्या दृष्टीने त्याचा हेतू उघड आहे : पक्ष्याने किंवा माकडाने फळ खावे आणि बी दूर जाऊन पडावे.

इथिलिन वायुरूप असल्यामुळे एका फळाचा निरोप शेजारच्या फळांनाही मिळतो. आंब्याची आढी लावण्याची जुनी रीत याच तत्त्वावर चालते. कोंडलेल्या जागी वायू साठतो व सारी रास एकदम पिकते. कॅल्शियम कार्बाइडपासून निघणारा ॲसिटिलिन वायू याच निरोपाची बनावट नक्कल करतो. त्याच्याबरोबर विषारी अंशही येऊ शकतात, म्हणूनच फळे पिकविण्यासाठी कार्बाइड वापरण्यास कायद्याने मनाई आहे.

शेतकऱ्याच्या लाभहानीचा प्रश्न येथेच उभा राहतो. श्वसन म्हणजे संथ ज्वलन, आणि ज्वलनातून उष्णता निघते. दुपारच्या उन्हात तोडलेली फळे दाटीने भरून ठेवली तर ती एकमेकांना तापवितात. तापलेल्या पेशी अधिक वेगाने श्वास घेतात, त्यामुळे आणखी उष्णता निघते आणि माल बाजारात पोहोचण्यापूर्वीच उतरतो. तापमान दहा अंशांनी उतरले तर श्वसनाचा वेग साधारण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. सकाळच्या गारव्यात तोडणी करणे, माल सावलीत ठेवणे, खोक्यांना हवा खेळेल अशी भोके ठेवणे, पिकलेले व दुखावलेले फळ निवडून वेगळे काढणे, या सर्व रीतींचे कारण पेशीत आहे. मात्र गारव्यालाही मर्यादा आहे. अतिशीत जागेत पेरूच्या पेशींची पटले दुखावतात व फळ नीट पिकत नाही. उसाचीही हीच कथा. तोड झाल्यावर ऊस जितका पडून राहील तितकी त्यातील साखर उलटत जाते व उतारा घटतो. कारण उसाच्या पेशीतील विकरे कोयत्याच्या घावाने थांबत नाहीत. बाप ज्या नियमांनी व्यवहार करतो त्या नियमांचे कारण मुलाला शाळेत कळले, तर विज्ञान पुस्तकातून घरात गेले असे म्हणता येईल.

पेरूत आणखी एक धडा दडलेला आहे. पेरू खाताना दाताखाली जी बारीक कचकच लागते ती केवळ बियांची नव्हे. गरात विखुरलेल्या दगडी पेशींचे ते पुंजके असतात. या पेशी आपली भित्तिका जाड व कठीण करीत नेतात आणि ते काम पुरे झाल्यावर मरतात. अशा रीतीने पेरूच्या एकाच घासात जिवंत पेशीही असतात आणि आपले काम संपवून गेलेल्या पेशींच्या भिंतीही असतात. मरण हाही पेशीच्या कामाचा भाग असू शकतो. पावसाळ्यात डबक्यात दिसणाऱ्या बेडकाच्या पिलाची शेपटी तुटून पडत नाही. तिच्यातील पेशी ठरल्या वेळी स्वतःस मोडून घेतात. माणसाच्या शरीरातही अशी व्यवस्था आहे. बिघडलेल्या पेशीत तंतुकणिकेतून सायटोक्रोम ‘सी’ बाहेर पडले की ते पेशीच्या अंताचा इशारा ठरते, हे १९९६ साली उघडकीस आले. जे प्रथिन आयुष्यभर श्वास चालविते तेच अखेरीस निरोपाची घंटाही वाजविते. ही घंटा न ऐकणाऱ्या पेशी वाढतच राहिल्या तर त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. एकीकडे हा व्यय तर दुसरीकडे नवी भरती : माणसाच्या शरीरात सुमारे ३० ते ३७ लाख कोटी पेशी आहेत, आणि रक्तातील तांबड्या पेशीच दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्याने तयार होतात.

हे सर्व वर्गात दाखवावयाचे कसे, ही शिक्षकाची खरी अडचण. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतही पुढील गोष्टी करता येण्याजोग्या आहेत.

पहिला प्रयोग श्वासाचा. कळीचा चुना पाण्यात कालवून निवू द्यावा व वरचे स्वच्छ पाणी काढून घ्यावे. चुना डोळ्यांत जाणार नाही याची काळजी शिक्षकाने स्वतः घ्यावी. रुंद तोंडाच्या बरणीत ताजे पेरू ठेवून शेजारी लहान वाटीत ही निवळी ठेवावी व झाकण घट्ट लावावे. दुसऱ्या बरणीत फळांवाचून नुसती निवळी ठेवावी. दुसऱ्या दिवशी पेरूच्या बरणीतील निवळीवर पांढरी साय अधिक दाट आलेली दिसेल. तोडलेल्या फळाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडची ती खूण होय.

दुसरा प्रयोग उष्णतेचा. मोड आलेली मटकी एका थर्मासात व उकडून गार केलेली मटकी दुसऱ्या थर्मासात भरावी. दोहोंत तापमापक ठेवून तोंड कापसाने बंद करावे. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही आकडे मुलांकडूनच वाचून घ्यावेत. जिवंत मटकीचा पारा वर चढलेला आढळेल. उकडलेली मटकी अधिक दिवस ठेवू नये. तिच्यावर जंतू वाढून तेही उष्णता निर्माण करू लागतात व निष्कर्ष फसतो.

तिसरा प्रयोग निरोपाचा. सारख्या आकाराचे सहा कच्चे पेरू घ्यावेत. तीन पेरू पिकलेल्या केळ्यासह कागदी पिशवीत बंद करावेत, तीन तसेच दुसऱ्या पिशवीत ठेवावेत. रोज रंग, वास व मऊपणा यांची नोंद मुलांनी वहीत करावी. कोणती पिशवी आधी पिकली हे मुलेच सांगतील.

शाळेत सूक्ष्मदर्शक यंत्र असेल तर कांद्याच्या पापुद्र्याबरोबर हायड्रिला या पाणवनस्पतीचे कोवळे पानही अवश्य पाहावे. कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीन घातले की केंद्रक स्पष्ट दिसते, पण पेशी मरते. हायड्रिलाचे पान कोणताही रंग न देता पाण्याच्या थेंबात ठेवावे व थोडा वेळ उजेडात राहू द्यावे. मग हिरवे कण पेशीच्या भिंतीच्या कडेने एकामागून एक फिरताना दिसू लागतात. कॉर्तीने अडीचशे वर्षांपूर्वी पाहिले ते हेच अभिसरण होय. प्रत्येक मुलाला हे दृश्य आपल्या डोळ्यांनी पाहू द्यावे, मग त्यासाठी तास वाढवावा लागला तरी हरकत नाही.

पेशीच्या आकृतीखाली नावे लिहून झाल्यावर शिक्षकाने आणखी एक सवय लावावी : प्रत्येक नावापुढे एक क्रियापद लिहावयास सांगावे. पटल निवडते, केंद्रक जपते, रायबोसोम गुंफते, तंतुकणिका श्वास घेते. नावे विस्मरणात गेली तरी क्रियापदे सहसा जात नाहीत. एखाद्या मुलीने यावर शिक्षकांना न सुचलेला प्रश्न विचारला, तर तो “पुस्तकात नाही” म्हणून बाजूस सारू नये. फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा व उत्तराच्या शोधात तिच्याबरोबर राहावे. बटाट्याच्या फोडीत संपूर्ण वनस्पतिसृष्टीचा श्वास शोधणाऱ्या मुलीला एकदा दारातूनच परत पाठविले गेले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेचे दार तरी अशा प्रश्नाला नेहमी उघडे असावे.